कानस संपली हे ओळखायचं कसं

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं आणि काही तासांत रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. रस्त्यावर झाडं, विजेच्या तारांवर झाडं, घरांच्या कौलांवर झाडं. वर्ष उलटायच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते आलं. दोन्ही वेळा कोकणात चेनसॉ चालवणाऱ्यांची, म्हणजे कटरवाल्यांची, गावोगाव शोधाशोध झाली. या माणसांवर लिहा म्हणून संपादकांनी मला दापोलीकडे पाठवलं. तिथे एका कटरवाल्या काकांच्या पडवीत त्यांच्या हत्यारांच्या पिशवीतून वीतभर लांबीची, पेन्सिलीहून बारीक अशी एक गोल कानस निघाली. काका तिच्याबद्दल बोलायला लागले आणि मोठ्या यंत्राची गोष्ट मागेच राहिली.

यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली जर्मनीत श्टुटगार्टला आपला कारखाना काढला. त्यांची पहिली साखळी-करवत विजेवर चालणारी आणि दोघांनी मिळून उचलायची होती. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर पेट्रोलवरची करवत चालवून पाहिली. पण आज जी चेन सगळीकडे दिसते ती अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातून आली. जोसेफ कॉक्स हा तिथला लाकूडतोडीच्या धंद्यातला माणूस. १९४६ साली त्याने लाकूड पोखरणारी एक अळी नीट न्याहाळली. अळी आपला जबडा डावीकडे-उजवीकडे चालवत रेषेच्या आडवंही आणि उभंही लाकूड सारख्याच सहजतेने कातरत होती. त्या जबड्यावरून त्याने एकाआड एक डावे-उजवे, आकड्यासारखे वळलेले दात असलेली चेन बनवली आणि १९४७ मध्ये ती विकायला काढली. दाताच्या आतला बाक गोलाईचा असल्यामुळे त्याला धार लावायला गोल कानस पुरते. जंगलात, विजेपासून कोसभर लांब, ओंडक्यावर बसूनसुद्धा चेन पाजवता येते ती यामुळेच.

आणि कानस म्हटली की कोकणाचा संबंध येतोच. जगातल्या मोठ्या कानस-उत्पादकांत गणल्या जाणाऱ्या जे. के. फाइल्सचे कारखाने रत्नागिरी आणि चिपळूणला आहेत. नारळ कापणाऱ्या माणसाच्या घरापासून काही तासांच्या अंतरावर जगभर जाणाऱ्या कानशी तयार होतात, याचा मला अभिमान वाटला.

काकांनी अंगणात फणसाच्या बुंध्यावर शेगडा पक्का बसवला आहे. चेनसॉची पट्टी त्यात आवळायची, चेन जागची हलू नये म्हणून ब्रेक लावायचा आणि एकेका दाताशी बसायचं. त्यांच्या १८ इंची पट्टीवरच्या चेनला ३६ दात आहेत, १८ डावे आणि १८ उजवे. आधी एका बाजूचे सगळे, मग यंत्र फिरवून दुसऱ्या बाजूचे. कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची, परत येताना उचलून घ्यायची. ओढताना घासली तर कानशीचेच दाते मोडतात, कारण ते एकाच दिशेला कापण्यासाठी कोरलेले असतात. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या माथ्याच्या वर राहिला पाहिजे. फार खाली गेली तर धार आकड्यासारखी पातळ होते आणि लगेच मोडते. फार वर राहिली तर दात लाकडात शिरत नाही. चेनप्रमाणे कानशीची जाडीही बदलते. लहान चेनला ४ मिलिमीटर, काकांच्या चेनला ४.८, त्याहून मोठ्या चेनला ५.२ किंवा ५.५.

धार उतरलेल्या, पण दगडाला न लागलेल्या दाताला दोन-तीन हात पुरतात. म्हणजे अख्ख्या चेनला शंभरेक हात झाले. काका हे काम पेट्रोल भरायला थांबल्यावर करतात, दिवस संपल्यावर नाही. नारळाच्या बुंध्याचा बाहेरचा भाग दाट आणि चिवट असतो, तो दात भराभर बोथट करतो. सागात सिलिका असते, तिचाही तोच परिणाम. किनाऱ्यावरच्या झाडांच्या सालीत वाऱ्याने बसलेली वाळू असते ती वेगळीच.

मी विचारलं, “काका, कानस बदलायची कधी? मोडल्यावर?”

“मोडायची वाट बघितलीत तर चेन संपेल आधी,” ते म्हणाले. त्यांनी पिशवीतून दोन कानशी काढून माझ्या हातात दिल्या. “यातली मेलेली कोणती, सांगा.”

दोन्ही अखंड होत्या, दोन्हीवर पीळ घेत गेलेल्या दात्यांच्या बारीक ओळी दिसत होत्या. काकांनी एक उन्हात धरली आणि बोटांमध्ये सावकाश फिरवली. मधल्या भागात एक चकाकती पट्टी उजळली, पुन्हा फिरवल्यावर विझली. धारदार कडेवर प्रकाश परतवायला जागाच नसते, म्हणून नवी कानस सगळीकडून सारखी करडी दिसते. दात्यांचे माथे झिजून सपाट झाले की तेवढा भाग आरशासारखा चमकतो. मग त्यांनी माझ्या अंगठ्याचं नख कानशीवर टेकवायला लावलं. शेंड्याजवळ नख अडलं आणि त्याचा पांढरा चुरा निघाला. मध्यावर ते सरळ घसरत गेलं.

खरी परीक्षा मात्र दातावर होते आणि ती कानाने घ्यायची असते. नवी कानस चालते तेव्हा खरखरीत, एकसंध आवाज येतो आणि हाताला ती धातू खात असल्याचं जाणवतं. पांढऱ्या कागदावर धरलं तर लोखंडाचा चमकता कीस पडताना दिसतो. कानस संपत आली की आवाज चढतो, चिरका होतो. कीस उरत नाही, काळपट पूड पडते. हात आपोआप जास्त जोर लावायला लागतो. काकांची खूण अशी: तीन हातांत होणारं काम सहा-सात हातांवर गेलं की ती कानस पिशवीत परत जात नाही.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चेनचा दात पोलादाचा असतो आणि कानस त्याच्यापेक्षा थोडीच जास्त कठीण असते. त्यात दाताच्या बाहेरच्या अंगावर क्रोमचा पातळ मुलामा असतो, तो जवळजवळ कानशीइतकाच किंवा तिच्याहून कठीण. लाकडात टिकणारी खरी धार म्हणजे त्या क्रोमची कडा. आतून बाहेर घासलं तर कानस पोलादातून कापत येते आणि क्रोमपाशी बाहेर पडते. बाहेरून आत घासलं तर तिचे दाते थेट क्रोमवर आपटतात. उलट हात चालवणाऱ्याची कानस म्हणूनच भराभर संपते. शिवाय बहुतेक जण कानशीचा मधला भागच वापरतात आणि ती एकाच अंगावर धरतात. काका दर चार-पाच दातांनी तिला किंचित फिरवतात आणि मुठीपासून शेंड्यापर्यंत लांब हात मारतात. दोघांची कानस एकाच दुकानातली असली तरी दोघांकडे ती सारखी टिकत नाही.

इथवर सगळं सरळ वाटतं. अडचण अशी की कानस घसरते म्हणजे ती संपलीच, असं नाही.

पहिला घोटाळा मळाचा. चेनला तेल असतं, त्या तेलात भुसा आणि लोखंडाचा कीस कालवला जातो आणि दात्यांच्या फटीत घट्ट बसतो. अशी कानस बोथट कानशीसारखीच सरकते. ती तारेच्या ब्रशने ओळींच्या दिशेने घासायची आणि मग पुन्हा उन्हात धरायची. चमक गेली तर कानस जिवंत आहे. काका काम सुरू करण्याआधी चेन कोरड्या फडक्याने पुसतात आणि कानशीवर खडू फिरवतात. खडूमुळे कीस फटीत चिकटत नाही. कानशीला तेल लावणारे लोक मी दुसरीकडे पाहिले. गंजू नये म्हणून ते लावतात, पण तेच तेल कीस धरून ठेवतं.

दुसरा घोटाळा जास्त वाईट, कारण त्यात दोष दाताचा असतो आणि शिक्षा कानशीला मिळते. बोथट चेन तशीच रेटली, किंवा विजेच्या ग्राइंडरवर दात एका जागी जास्त वेळ धरला, तर तो निळा पडतो. तापून लगेच थंड झालेल्या दाताची वरची कातडी इतकी कडक होते की नवी कोरी कानससुद्धा तिच्यावरून घसरते. हे ओळखायला तीच कानस शेजारच्या चांगल्या दातावर चालवून बघायची. तिथे खाल्लं तर कानस ठीक आहे, निळा दात खराब आहे. मऊ खिळ्यावर घासून केलेली परीक्षा मात्र फसवी. मेलेली कानसही साध्या लोखंडाला ओरखडा काढते आणि माणूस समजतो की अजून दम आहे.

तिसरी गोष्ट पिशवीतली. कानशी एकमेकींवर, पान्यांवर, साखळ्यांवर आपटत राहिल्या तर न वापरताच त्यांचे दाते उडतात. काका प्रत्येक कानस जुन्या धोतराच्या पट्टीत वेगळी गुंडाळतात. दुकानात मात्र एका डब्यात पन्नास कानशी खुळखुळताना दिसतात आणि गिऱ्हाईक त्यातली एक उचलून घरी नेतो. ती पहिल्या दिवसापासून अर्धी असते.

मला काळजी वाटते ती याची की हे सगळं ज्ञान दोन-चार जुन्या हातांतच राहिलं आहे. वादळांनंतर कोकणात चेनसॉ घेणाऱ्यांची नवी पिढी आली. वाडीवाले स्वतःच यंत्र विकत घेतात, पोरं मोबाइलवर बघून चालवायला शिकतात. यंत्र सुरू कसं करायचं ते कळतं, कानस कधी टाकायची ते कळत नाही. मेलेल्या कानशीवर जोर दिला की तिचा कोन ढळतो, डाव्या आणि उजव्या दातांची लांबी वेगवेगळी होते आणि चेन लाकडात तिरकी जाऊ लागते. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडतो, धूर येतो. मग माणूस यंत्र अंगाच्या जोराने लाकडात दाबतो. धारदार चेनला तसा जोर लागतच नाही. पूर्ण वेगात चेन सेकंदाला वीसेक मीटर धावते. पट्टीचं टोक कुठेतरी अडकून यंत्र उलटं अंगावर आलं तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही, आणि दमलेला, सगळा भार यंत्रावर टाकून उभा असलेला माणूस ते सावरू शकत नाही. तासन्‌तास हादरे बसून बोटं पांढरी पडण्याचा, बधिर होण्याचा आजारही या धंद्यात सगळीकडे माहीत आहे. बोथट चेन हादरे वाढवते.

अडचण पैशाची म्हणावी तर तीही फार नाही. चेनच्या किमतीच्या मानाने कानस फारच स्वस्त आहे. तरी ती टाकवत नाही, कारण ती तुटलेली नसते, गंजलेली नसते, हातात धरली तर पुरती धडधाकट वाटते. काकांकडेही मेलेल्या कानशींचा एक जुडगा होता. गावचा लोहार त्यापासून छिन्न्या करून देतो. पण आधी भट्टीत तापवून सावकाश गार केल्याशिवाय नाही, कारण कडक कानस ठोक्याने काचेसारखी फुटते आणि तिचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. नुसती शेंड्याला घासून छिन्नी म्हणून वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

चेनसॉ विकणाऱ्या दुकानदारांना माझी विनंती आहे. चेनच्या पाकिटावर तिला लागणाऱ्या कानशीची जाडी मराठीत ठळक लिहून द्या. यंत्राबरोबर एकच कानस न देता तीन द्या, त्याही वेगवेगळ्या गुंडाळून. आणि गिऱ्हाइकाला दुकानातच एक नवी आणि एक झिजलेली कानस उन्हात धरून दाखवा, नख फिरवून बघायला लावा. दोन मिनिटांचं काम आहे. दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ आहे. बागायतदारांच्या प्रशिक्षणात चेनसॉचा विषय निघेल तेव्हा कानशीसाठी अर्धा तास राखून ठेवता येईल, आणि तो तास घ्यायला काकांसारखी माणसं पंचक्रोशीत आहेत. त्यांना बोलवा.