रेकॉर्डची एक बाजू, तिच्यातली गाणी सुटी कशी करायची?

मंडळी, यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, कुठेही जा, जुन्या घरांत माळ्यावर रेकॉर्ड निघतातच. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जातो, आणि विनाइलची तबकडी उन्हानं वाकली की सुई नीट चालत नाही. म्हणून ती वेळेत संगणकावर उतरवून घ्यावी. पण उतरवल्यावर हाती येते एलपीची अख्खी बाजू, साधारण 20-25 मिनिटांची एकच फाइल. तिच्यातली गाणी वेगळी करायची कशी, हा आजचा विषय.

ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर शांत जागा शोधून खुणा करून देतं. आवाज ठरावीक पातळीखाली गेला आणि एक-दोन सेकंद तसाच राहिला, की गाणं संपलं असं ते धरतं. गोची इथेच आहे. दोन गाण्यांमधल्या रिकाम्या जागेतही सुईची खरखर चालूच असते, त्यामुळे खरी हद्द निसटते. पातळी वाढवली, तर गायकानं आलापात घेतलेला दमसुद्धा ‘शेवट’ ठरतो!

किशोरी आमोणकरांचा भूप घ्या. ‘प्रथम सूर साधे’ हा विलंबित ख्याल आणि मग द्रुत ‘सहेला रे’. बंदिशी दोन, पण राग एकच, मांडणी एकच. तिथे कापायचं की नाही, हे यंत्र सांगणार नाही. ते ऐकणाऱ्यानंच ठरवायचं.

आणखी एक. 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं. तेव्हा तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला तयार व्हायच्या. तिथल्या लोकांना गाणं कोणाचं ते कळावं म्हणून गायिका शेवटी स्वतःचं नाव सांगायची. जुन्या 78च्या गाण्यांचे संग्रह पुढे एलपीवर आले. आता गाणं थांबल्यावर लगेच कापलं, तर नेमकं हे नावच जायचं.

मग करायचं काय? आधी कव्हरवरची गाणी मोजा. खुणा तेवढ्याच आल्या का, ते बघा. प्रत्येक खुणेच्या आधीचे आणि नंतरचे दहा सेकंद कानांनी ऐका, खूण सरकवा, मगच सगळ्या फाइली एकदम वेगळ्या करा. तबल्याची शेवटची आस विरेपर्यंत थांबा.

नावं देताना आकडा आधी, आणि तो दोन अंकी लिहा: 01, 02. ‘गीतरामायणा’त 56 गाणी आहेत. नुसतं 1, 2 लिहिलं, तर बऱ्याच प्लेअरवर 1 नंतर थेट 10 वाजतं, आणि कथाच उलटीपालटी होते.

शेवटचं, पण महत्त्वाचं: अख्ख्या बाजूची मूळ फाइल पुसू नका. सीडीच्या दर्जाची असली, तर मिनिटाला साधारण 10 एमबी, म्हणजे एका बाजूला दोन-अडीचशे एमबी. एवढी जागा आज कोणाकडेही असते. काप चुकला तर त्या फाइलवरून पुन्हा करता येतो. वाकलेली तबकडी मात्र पुन्हा उतरवता येईलच, असं नाही.