कोटेशन गेलं, पण पोचलं का? तुमच्या डोमेनचा ईमेल एकदा तपासाच



स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं, त्यावर ईमेल सुरू केला, व्हिजिटिंग कार्डवर छापला. छान. पण त्या ईमेलवरून पाठवलेलं कोटेशन समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडतं की स्पॅममध्ये, हे कधी बघितलंय का? बहुतेकांनी बघितलेलं नसतं, कारण स्पॅममध्ये गेलेल्या मेलची तक्रार कोणी करत नाही. कस्टमरला वाटतं तुम्ही पाठवलंच नाही, तुम्हाला वाटतं रेट जास्त झाला. दोघंही गप्प, आणि ऑर्डर तिसऱ्याकडे.

आमच्या बॅचमधल्या एका मसालेवाल्या ताईंनी याच शंकेने आपले रेट दोनदा कमी केले होते. हॉटेलवाल्यांना मेल केला की उत्तरच नाही! रेट व्यवस्थित होते, मेल स्पॅममध्ये बसलेले होते. म्हणून रेटला हात लावायच्या आधी ही तपासणी करा. दहा मिनिटांचं काम आहे आणि पैसे लागत नाहीत.

तुमच्या धंद्याच्या ईमेलवरून एक साधा मेल घरच्या कोणाच्या तरी जीमेलवर पाठवा. ज्या पत्त्यावर तुम्ही रोज मेल करता तो नको, कारण तिथे तुमची ओळख आधीच झालेली असते. मग तो मेल कॉम्प्युटरवर, ब्राउझरमध्ये उघडा. मोबाइल ॲपमध्ये ही सोय मिळत नाही. उजव्या बाजूच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच्या चौकटीत तीन ओळी दिसतील: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. तिन्हींपुढे ‘पास’ हवं. एखादी ओळच दिसत नसेल तर ती गोष्ट बहुधा लावलेलीच नाही.

आता हे तीन प्रकार आहेत काय? ईमेल पाठवण्याची मूळ पद्धत १९८२ सालची आहे. त्यात पाठवणाऱ्याच्या जागी कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतो, अगदी पोस्टकार्डासारखं. हे भोक बुजवायला नंतर ही तीन कुलपं आली. एसपीएफ म्हणजे सोसायटीच्या गेटवरची यादी: माझ्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या या सर्व्हरना आहे. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरचं सील: मेल खरंच या डोमेनकडून निघाला आणि वाटेत कोणी बदलला नाही. आणि डीमार्क म्हणजे वॉचमनला दिलेली सूचना: यादी आणि सील, दोन्हींपैकी एकही जुळलं नाही तर त्या मेलचं काय करायचं.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केले. साध्या जीमेल खात्यांवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवत असाल तर तिन्ही हवेत. ‘आपण कुठे एवढे पाठवतो’ म्हणून दुसऱ्यावरच थांबू नका, छोट्या दुकानानेही तिन्ही लावावेत असं माझं मत आहे. कस्टमरने ऑफिसचा मेल दुसरीकडे फॉरवर्ड करायला लावला असेल तर एसपीएफ तुटतं, डीकेआयएमचं सील मात्र बहुतेक वेळा टिकतं. म्हणून दोन्ही.

घोळ कुठे होतो ते सांगतो, कारण बॅचमध्ये तेच ते घोळ परत परत दिसतात.

सगळ्यात जास्त दिसणारा घोळ म्हणजे एकाच डोमेनवर दोन एसपीएफ रेकॉर्ड. होस्टिंग घेतलं तेव्हा त्यांनी एक टाकून ठेवलेलं असतं. पुढे ईमेल गूगल वर्कस्पेसवर किंवा झोहोवर नेला, त्यांनी सांगितलेलं दुसरं टाकलं, जुनं काढलंच नाही. तुम्हाला वाटतं डबल सुरक्षा झाली. प्रत्यक्षात दोन असली की तपासणी चूक धरली जाते आणि दोन्ही बाद होतात. एसपीएफ रेकॉर्ड एकच हवं, आणि मेल पाठवणाऱ्या सगळ्या सेवा त्या एकाच ओळीत हव्यात. बिलिंग सॉफ्टवेअर तुमच्या डोमेनच्या नावाने थेट कस्टमरला बिल पाठवत असेल, तर त्याची परवानगी कशी द्यायची ते त्यांच्या सपोर्टला विचारून घ्या. मात्र यादी वाढवतच नेऊ नका. एसपीएफ तपासताना जास्तीत जास्त १० वेळा दुसरीकडे चौकशी करायला परवानगी असते, त्यावर गेलं की पुन्हा बाद.

दुसरा घोळ जरा फसवा आहे. डीकेआयएमपुढे ‘पास’ दिसतं, पण शेजारी डोमेन भलतंच असतं. म्हणजे सील आहे, पण ते तुमचं नाही, ईमेल कंपनीचं आहे. गूगल वर्कस्पेसमध्ये तुम्ही डीकेआयएम चालू केलं नसेल तर असंच होतं. डीमार्कला असं सील चालत नाही. त्याला ‘फ्रॉम’मध्ये दिसणारं डोमेन आणि सीलवरचं किंवा यादीतलं डोमेन जुळलेलं लागतं. वर्कस्पेसच्या ॲडमिन पानावर किल्ली तयार करायची, ती डीएनएसमध्ये टाकायची आणि परत येऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबायचं. हे शेवटचं बटण दाबायचं राहूनच जातं लोकांचं!

तिसरा घोळ वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्मचा, आणि यात थेट गिऱ्हाईक जातं. कस्टमर फॉर्ममध्ये स्वतःचा जीमेल पत्ता लिहितो. काही फॉर्म तोच पत्ता ‘फ्रॉम’मध्ये टाकून तुम्हाला मेल पाठवतात. म्हणजे तुमचा वेबसाइट सर्व्हर म्हणतो, ‘मी जीमेल आहे.’ साहजिकच तो मेल खोटा समजला जातो आणि चौकशी स्पॅममध्ये सडते. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘फ्रॉम’ला तुमच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि कस्टमरचा पत्ता ‘रिप्लाय टू’मध्ये. वेबसाइट बनवून देणाऱ्याला हे एक वाक्य पाठवा, त्याला कळेल.

रेकॉर्ड टाकायचं कुठे, यावरही गाडी अडते. डोमेन एकाकडून घेतलेलं, वेबसाइट दुसऱ्याकडे, ईमेल तिसऱ्याकडे. रेकॉर्ड तिथेच टाकायचं जिथे तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर आहेत. दुसऱ्या पॅनेलवर कितीही टाकलं तरी कोणाला दिसणार नाही. आणि रेकॉर्ड हाताने टाइप करू नका. ईमेल कंपनीच्या मदत पानावरून कॉपी करा, पेस्ट करा. एक टिंब चुकलं तरी सगळं फुकट. आधी जे आहे त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ‘एमएक्स’ नावाच्या ओळींना हात लावू नका, येणारे मेल त्यावरच चालतात.

डीमार्क लावताना घाई नको. सुरुवात ‘नन’ने करा, म्हणजे नुसतं बघा, काही अडवू नका. त्यात रिपोर्टसाठी एक ईमेल पत्ता द्या. तुमच्या नावाने कुठून कुठून मेल जातात ते त्या रिपोर्टमध्ये येतं. फाइल किचकट असते, ती वाचून दाखवणारी फुकट टूल्स मिळतात. तीन-चार आठवडे बघा, विसरलेली एखादी सेवा सापडली तर दुरुस्त करा, मग ‘क्वारंटाइन’, आणि सगळं नीट चाललं की ‘रिजेक्ट’. पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावलं तर तुमची स्वतःची बिलं परत येतील.

पण कायम ‘नन’वरही बसू नका. कोणी तुमच्या ईमेलच्या नावाने कस्टमरला मेल केला, ‘आमचं बँक खातं बदललंय, पेमेंट या नव्या खात्यात करा’, तर कस्टमर पैसे भरून मोकळा होतो आणि माल तुमच्याकडेच मागतो. ‘रिजेक्ट’ असेल तर तपासणी करणारा सर्व्हर असा मेल दारातच परत पाठवतो. अर्थात नावात एक अक्षर बदलून घेतलेल्या डोमेनवर डीमार्क काही करू शकत नाही. म्हणून प्रत्येक बिलावर ओळ छापा: ‘बँक खाते बदलल्याचे आम्ही ईमेलने कळवत नाही, शंका असल्यास फोन करा.’ आमच्या दुकानाच्या बिलावर ती आहे.

तिन्ही पास झाले तरी मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो. विकत घेतलेल्या याद्यांवर ऑफर पाठवली आणि लोकांनी ‘स्पॅम’ दाबलं, की डोमेनचं नाव खराब होतं. जीमेल मोठ्या पाठवणाऱ्यांकडून हे प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत मागतं. हजारात तीन! अशी यादी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊच नका.

रेकॉर्ड बदलल्यावर ते सगळीकडे दिसायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात. त्यानंतर तीच चाचणी पुन्हा करा, आणि प्रत्येक मार्गाने वेगळी करा: मोबाइलवरून एक, बिलिंग सॉफ्टवेअरमधून एक, वेबसाइटच्या फॉर्ममधून एक. जीमेलबरोबर एखादा आउटलुकचा पत्ताही घ्या, कारण मोठ्या कंपन्यांच्या परचेस डिपार्टमेंटमध्ये बऱ्याचदा तोच असतो.