बाबूराव अर्णाळकरांच्या नायकांची नावे

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे नाव मराठी वाचकांपैकी फार थोड्यांच्या ओळखीचे असेल. बाबूराव अर्णाळकर (१९०६–१९९६) ह्या टोपणनावाने मात्र ह्याच गृहस्थांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि अनेकांना वाचनाची गोडी प्रथम त्यांच्याच पुस्तकांनी लाविली. असे असूनही वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत त्यांची बोळवण बहुधा एखाद्या वाक्यात होते. ह्या उपेक्षेस वाङ्मयीन कारणे असतील. भाषेच्या अभ्यासकाने तिचे अनुकरण करण्याचे कारण नाही.

अर्णाळकरांपूर्वी गो. ना. दातारशास्त्र्यांनी (१८७३–१९४१) रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या आधारे अद्भुताची एक परंपरा मराठीत रुजविली होती. परक्या कथानकाला देशी पेहराव चढविण्याची ती रीत अर्णाळकरांनीही स्वीकारली. त्यांचे खरे कौशल्य दिसते ते नामकरणात. ब्रूस ग्रेम ह्या इंग्रज लेखकाचा १९२५ मध्ये अवतरलेला ‘ब्लॅकशर्ट’ हा नायक काळापहाडाच्या मुळाशी असल्याचे सांगण्यात येते. ह्या नावाचे शब्दशः भाषांतर ‘काळा सदरा’ असे झाले असते, आणि त्याने एखादे लहान मूलही दचकले नसते! अर्णाळकरांनी घेतलेले नाव सोळाव्या शतकात ओरिसावर चालून गेलेल्या बंगालच्या सेनानीचे आहे. काळा हा वर्ण तेवढा राहिला. सदऱ्याच्या जागी पहाड आला, आणि त्याबरोबर इतिहासातील दहशतही आली. मात्र मूळ काळापहाड देवळे फोडणारा म्हणून कुप्रसिद्ध, तर कथेतील काळापहाड वाचकांचा लाडका. नावातील भीती ठेवून तिचा रोख दुर्जनांकडे वळविणे, ही अर्थपरिवर्तनाची प्रक्रिया म्हणून लक्षणीय आहे.

‘झुंजार’ ह्या नावाची गोष्ट निराळी. हे मूळचे विशेषण, ‘झुंजणे’ ह्या क्रियापदाच्या कुळातील, आणि जुन्या मराठीपासून वीराला लागत आलेले. ते विशेषनाम म्हणून वापरल्याने नायकाचे वर्णन करण्याची गरजच उरली नाही. धनंजय हे अर्जुनाचे नाव; त्याला जोडीदार मिळाला छोटू. भारदस्त तत्सम नावाशेजारी घरगुती नाव ठेवताच मुख्य कोण आणि साहाय्यक कोण, हे वाचक न सांगता ओळखतो.

ह्या कथांचे गद्य सोपे, संवादप्रधान आणि प्रमाण मराठीतील आहे. मुंबईत घडणारी कथा नागपूरच्या वाचकाला परकी वाटू नये, ह्याचे एक कारण ह्या प्रमाणतेत शोधावयास हवे. ‘चौकटची राणी’ ही अर्णाळकरांची पहिली रहस्यकथा १९४२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती, आणि राज्यकारभारात मराठीशेजारी हिंदी नांदत होती. येथील बोलण्यात ‘तो करून राहिला आहे’ अशी रचना सहज येते. छापील कथेत त्याच वाचकाला ‘तो करीत आहे’ अशी रचना भेटे. पाठ्यपुस्तकातही ती भेटेच, परंतु तेथे ती शिकावी लागे. येथे खुनी कोण हे जाणण्याच्या घाईत ती नकळत डोळ्यांखालून जात असे.

एकाच लेखणीतून उतरलेला प्रमाण गद्याचा एवढा मोठा साठा मराठीत क्वचितच मिळेल. परंतु स्वस्त कागदावर छापलेली ही पुस्तके वाचून वाचून फाटली, आणि जपून ठेवण्याजोगी ती फारशी कोणाला वाटली नाहीत. उरलेल्या प्रतींवरून ह्या गद्याची शब्दसूची करावयाची, तर ते काम लवकर हाती घ्यावे लागेल.