माळ्यावरची जुनी कपबशी: भंगार की ऐवज? विकण्याआधी एवढं तपासा

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी. या गावांतली जुनी कौलारू घरं एकेक करून पाडली जातायत आणि त्यांच्या जागी स्लॅबची घरं उभी राहतायत. घर पाडायला काढलं की आधी माळा रिकामा होतो. तांब्या-पितळेची भांडी वजनावर जातात. सागवानी दारांना गिऱ्हाईक लगेच मिळतं. मागे उरते ती चिनी माती: लोणच्याच्या बरण्या, फुलांच्या नक्षीच्या बशा, सोनेरी काठाचे कप. वितळवून तिचं दुसरं काही करता येत नाही, त्यामुळे मोडीत तिला भाव नसतो. ती कुणाला तरी फुकट दिली जाते, नाहीतर मलब्यात जाते.

पण अशाच वस्तू मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि इन्स्टाग्रामवरच्या विंटेज पेजेसवर विकायला दिसतात. मग आपल्या घरातली वस्तू नेमकी काय आहे, हे ओळखायचं कसं? आणि विकताना कायदा काय म्हणतो?

वर्ध्यात ही भांडी आली कुठून?

कापूस आणि रेल्वे हे त्याचं थोडक्यात उत्तर. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटच्या कापसाचं नाव इंग्लंडच्या बाजारात पोहोचलं होतं. जीआयपी रेल्वे आली, हिंगणघाट आणि पुलगावला कापडगिरण्या उभ्या राहिल्या. त्याच रेल्वेने मुंबई बंदरात उतरलेला विलायती माल आत येऊ लागला. त्यात इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरच्या बशा होत्या, हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टच्या थाळ्या होत्या आणि पुढे स्वस्त जपानी कपही आले.

सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात मात्र या भांड्यांना सहज प्रवेश नव्हता. चिनी माती घासून शुद्ध होत नाही, असा समज होता. बोन चायनात तर जनावरांच्या हाडांची राख असते. लोणच्याची बरणी चालायची, जेवणाची थाळी नाही. चहाचं वेड पसरलं आणि कपबशी घरात आली, पण सगळ्यांसाठी सारखी नाही. दलित मजुरासाठी वेगळा, अनेकदा कान तुटलेला कप ठेवायची रीत कित्येक घरांत आणि हॉटेलांत होती. जुन्या सामानात असा एकटाच निराळा कप सापडला, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याबद्दल जरूर विचारावं. बाजारात त्याला किंमत नसेल, पण तो त्या काळाचा पुरावा आहे.

सगळं विलायतीच असतं का?

नाही. विसाव्या शतकात कोलकात्याची बंगाल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज, सौराष्ट्रातली परशुराम पॉटरी असे देशी कारखाने नावारूपाला आले. घरोघरी दिसणाऱ्या पिवळसर-तपकिरी बरण्यांपैकी बऱ्याच अशा देशी कारखान्यांच्या असतात.

विदर्भाचा स्वतःचा धागाही आहे. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांनी त्याचं काम उभं केलं. मगनवाडीतलं मगन संग्रहालय १९३८ सालचं. याच ग्रामोद्योगाच्या विचारातून १९५० च्या दशकात कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावतीला ग्रामोदय संघ उभारला. तिथली मातीकामं पुढे देशभर ओळखली गेली. त्यामुळे भांड्यावर 'इंग्लंड' लिहिलेलं नाही म्हणून ते कमअस्सल, असं समजू नये.

वय कसं ओळखायचं?

भांडं उलटं करा. बुडावरचा शिक्का हाच त्याचा जन्मदाखला असतो.

• चौकटीसारखा हिऱ्याच्या आकाराचा शिक्का असेल, तर ते डिझाइन ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेलं आहे. १८८४ पासून त्याऐवजी 'आरडी नंबर' येतो. लक्षात ठेवा, ही नोंदणीची तारीख आहे. भांडं नंतरचंही असू शकतं.

• नुसतं 'इंग्लंड' लिहिलं असेल, तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची. आयात मालावर देशाचं नाव हवं, असा नियम अमेरिकेने तेव्हा केला. 'मेड इन इंग्लंड' हे शब्द साधारणपणे विसाव्या शतकातले.

• 'मेड इन ऑक्युपाइड जपान' म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकी ताब्यात असतानाचा माल. हा काळ १९५२ ला संपला. काळ इतका नेमका असल्याने संग्राहक अशा वस्तू मुद्दाम शोधतात.

• 'मायक्रोवेव्ह सेफ' किंवा 'डिशवॉशर सेफ' दिसलं, तर वस्तू आजीच्या लग्नातली नक्कीच नाही, मग विकणारा काहीही सांगो.

बोन चायना ओळखायला कप उजेडासमोर धरा आणि मागे बोट ठेवा. बोटाची सावली दिसली, तर तो बोन चायना किंवा पातळ पोर्सिलेन आहे. जाड बरणीतून उजेड जात नाही.

किंमत कशावर ठरते?

फक्त वयावर नाही. शंभर वर्षांची साधी पांढरी बशी पडून राहते आणि साठ वर्षांचा पूर्ण टी-सेट पटकन जातो. शाबूत असणं सगळ्यात महत्त्वाचं. काठावर बोट फिरवा, टवका उडालेला लगेच कळतो. बोटाने हलकेच टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. अतिनील टॉर्चच्या उजेडात चिकटवलेली जागा वेगळी चमकते.

भाव बघताना लोक एक चूक हमखास करतात. ऑनलाइन लावलेला भाव म्हणजे मिळालेला भाव नव्हे. कुणीही एका कपाला दहा हजार रुपये लिहू शकतं. तशीच वस्तू प्रत्यक्षात कितीला विकली गेली, ते शोधा. निदान दोन-तीन व्यापाऱ्यांना फोटो दाखवून विचारा. सेट असेल तर तो फोडू नका. भावाभावांत दोन-दोन कप वाटून घेतले की आठवण राहते, सेटची किंमत मात्र जाते.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या पुरावशेष आणि कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू 'पुरावशेष' ठरू शकते. अशी वस्तू घरात असणं गुन्हा नाही. पण पुरावशेषांचा खरेदी-विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तसं केल्यास सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो.

अमेरिकेतल्या एखाद्या गिऱ्हाइकाने इन्स्टाग्रामवर बशी पसंत केली, तर थेट पार्सल करू नका. वस्तू जुनी वाटत असेल, तर ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावं.

विकताना आणि वापरताना

फोटो दिवसाच्या उजेडात काढा. समोरून, बुडावरून आणि प्रत्येक टवक्याचा वेगळा. दोष लपवला तर वस्तू परत येते, तीही बहुधा फुटून. पार्सलमध्ये प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळा, बशा आडव्या न रचता उभ्या ठेवा आणि एका खोक्यात दुसरं खोकं वापरा.

पैशांच्या बाबतीत एक नियम पक्का. यूपीआयवर पैसे *घ्यायला* पिन कधीच लागत नाही. 'क्यूआर कोड पाठवलाय, स्कॅन करा, पैसे येतील' असं कुणी म्हटलं, तर ती फसवणूक आहे. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा.

आणि शेवटी आरोग्य. जुन्या भांड्यांच्या झिलईत आणि भडक रंगांत शिसं असू शकतं. लिंबू, चिंच, दही, लोणचं अशा आंबट पदार्थांत ते उतरतं. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वाधिक धोका असतो. झिलईला बारीक भेगा पडलेल्या किंवा आतून रंगवलेल्या भांड्यात खाऊ-पिऊ नये. ती शोकेसमध्येच शोभतात. विकतानाही 'फक्त शोभेसाठी' असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. ते भांडं त्याच्या घरातलं एखादं लहान मूल तोंडाला लावणार नाही, याची खात्री तेवढ्या एका वाक्याने होत नसली, तरी सावध तरी होता येतं.