कमिटच्या शेवटच्या ओळींत काय दडलंय?

शिवाजी पेठेतल्या कोडिंग करणाऱ्या मंडळींनो, 'फिक्स केलं', 'परत फिक्स' असल्या कमिटांचा नाद सोडा. आज गिटच्या ट्रेलरबद्दल सांगतो.

शिवकालीन पत्र संपलं की खाली 'मर्यादेयं विराजते' अशी मोर्तब उठायची. त्यापुढे मजकूर घुसवायची सोय नाही. कमिट मेसेजच्या तळाशी ट्रेलरही तसाच बसतो: आधी नाव, मग कोलन, मग माहिती. कोणी तपासलं, कोणासोबत लिहिलं, कुठला बग.

ही रीत लिनक्सनं रुजवली. एससीओ या कंपनीनं 2003 मध्ये आयबीएमवर दावा ठोकला आणि लिनक्समधला कोड नेमका कुणाचा, हा प्रश्न तापला. 2004 मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ आणली: हा कोड द्यायचा मला हक्क आहे, अशी सहीच. गिट तर त्यानंतर, 2005 मध्ये जन्मलं!

मला सगळ्यात भारी वाटतो तो 'फिक्सेस' हा ट्रेलर. चूक ज्या कमिटमध्ये शिरली त्याच्या हॅशची पहिली 12 अक्षरं त्यात लिहायची. मग ही दुरुस्ती कुठल्या जुन्या आवृत्त्यांत न्यायची, ते शोधणं सोपं जातं.

गिट 2.32 पासून कमिट करतानाच '--ट्रेलर' हा पर्याय देता येतो. सहीपुरतं '-एस' बास. नंतर 'गिट लॉग'मधून हवा तेवढाच ट्रेलर गाळून काढता येतो.

एक मेख ध्यानात ठेवा: ट्रेलरच्या आधी रिकामी ओळ हवी, पण दोन ट्रेलरांच्या मध्ये नको. गिट फक्त शेवटचा परिच्छेद बघतं. वरचे ट्रेलर त्याच्या लेखी साधा मजकूर.