पंगतीला पाच पेंग्विन

घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात काढायला निघालाय? जरा थांबा! उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट की बॉस? नाशिकच्या एका घरात रंगलेल्या डिस्ट्रो-निवडीचा हा आँखो देखा हाल.

'हा डबा भंगारात द्या मॅडम, नवीन घेऊन टाका.'

दुकानातल्या मुलाने अर्ध्या मिनिटात निकाल दिला आणि शेजारी उभ्या असलेल्या बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. परतीच्या वाटेवर कॉलेज रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते एकच वाक्य बोलले, 'माझं लिखाण त्यात आहे.'

तो 'डबा' म्हणजे आमचा २०१३ सालचा डेस्कटॉप. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, चार जीबी रॅम, खुर्रखुर्र आवाज करणारी हार्ड डिस्क. वर विंडोज १०. त्याचा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट्सची एक वर्षाची वाढीव सोय होती, पण ती तात्पुरती मलमपट्टी. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. आमचं मशीन त्या परीक्षेला बसायच्याच लायकीचं नव्हतं.

आणि बाबांचं लिखाण? १८४ पानं! नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाल्यावर त्यांनी आठवणी टाईप करायला घेतल्या. १९६९चा गोदावरीचा पूर, तेव्हाचं पंचवटी, पहिला पगार, पहिली सायकल. पण मशीन सुरू व्हायला सहा मिनिटं, त्यात रोज 'तुमचा पीसी सुरक्षित नाही' छापाच्या सूचना. घाबरून त्यांनी तीन महिन्यांत एक ओळ लिहिली नव्हती.

मी मनाशी ठरवलं, याला लिनक्सच!

मिसळीचा फंडा

लिनक्स म्हटलं की अनेकांच्या कपाळावर आठ्या येतात. पण नाशिककरांना ते समजावणं एकदम सोपं आहे. मटकीची उसळ सगळीकडे तीच. पण कुठे काळा रस्सा, कुठे लाल, कुठे पापड, कुठे वर जिलेबी. प्रत्येक हॉटेलची मिसळ वेगळी आणि प्रत्येकाचं 'आमचं' हॉटेल ठरलेलं. लिनक्सचंही तेच. १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेला लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ही झाली उसळ. त्यावर कोणता डेस्कटॉप, कोणती सॉफ्टवेअर्स, अपडेट कधी, हे ज्याने त्याने ठरवून वाढलेली प्लेट म्हणजे डिस्ट्रिब्युशन, लाडात 'डिस्ट्रो'. बहुतेक डिस्ट्रो फुकट मिळतात आणि कोणालाही सोर्स कोड उघडून बघता येतो.

माझी आणि लिनक्सची ओळख २०१०ची. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. तेव्हा उबुंटूवाले 'शिपइट' या योजनेत जगभर पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे. २००५मध्ये सुरू झालेली ही मजा २०११मध्ये बंद झाली. माझी सीडी आली तेव्हा मी घरभर नाचले होते. बाबांनी मात्र सीडी बाजूला ठेवली आणि परदेशी पाकिटावरचा शिक्का भिंग लावून बघत बसले. प्रेसचा माणूस!

माझी चूक

तर, एका शनिवारी कामाला लागले. आधी १८४ पानांच्या दोन कॉप्या, एक एक्स्टर्नल डिस्कवर आणि एक पेन ड्राईव्हवर. मग जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. एवढ्यानेच मशीनमध्ये जान आली. आणि मग मी बिनधास्त फेडोरा टाकलं. कारण माझ्या लॅपटॉपवर फेडोराच आहे आणि मला तेच आवडतं! सगळं नवं कोरं, चकाचक. रविवारी रात्री बाबांना दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

बुधवारी विचारलं, 'काही लिहिलं का?'

'बघू.'

शुक्रवारी बघितलं तर कीबोर्डवर रुमाल तसाच पांघरलेला. मग मात्र मी खुर्ची ओढून समोर बसले.

'अगं, छान आहे ते,' बाबा म्हणाले. 'पण तुझं आहे. हात लावायला भीती वाटते. काही बिघडलं तर तुला सुट्टी काढावी लागेल.'

मला माझाच राग आला. दुकानातल्या मुलाने बाबांना न विचारता निकाल दिला होता, आणि मी वेगळं काय केलं होतं?

पाच पाहुणे, चार अटी

मग ठरलं, निवड बाबांची. एका पेन ड्राईव्हवर व्हेंटॉय नावाचं टूल टाकलं. त्यामुळे एकाच पेन ड्राईव्हमध्ये अनेक डिस्ट्रोंच्या फाईल्स नुसत्या कॉपी करून ठेवता येतात. मशीन सुरू करायचं आणि यादीतून हवा तो निवडायचा. बहुतेक डिस्ट्रो 'लाईव्ह' मोडमध्ये चालतात. डिस्कवर काही न टाकता चव बघायची, आवडलं तर मुक्काम, नाही तर रामराम.

बाबांनी चार अटी कागदावर लिहून दिल्या: १) जुनी पानं दिसली पाहिजेत. २) मराठी टाईप झालं पाहिजे. ३) प्रिंट निघाली पाहिजे. ४) बंद करायचं बटण सापडलं पाहिजे. मी हसले. पण खरं सांगते, कोणत्याही टेक्निकल रिव्ह्यूपेक्षा ही यादी जास्त कामाची निघाली.

उबुंटू: २००४मध्ये मार्क शटलवर्थ यांच्या कॅनोनिकल कंपनीने आणलेला हा सगळ्यात ओळखीचा चेहरा. दर दोन वर्षांनी एलटीएस आवृत्ती, तिला पाच वर्षं अपडेट्स. मदत हवी असेल तर सर्च करा, उत्तर हजर. पण त्याचा ग्नोम डेस्कटॉप ऐसपैस जागा मागतो. आमच्या चार जीबीत दाटीवाटी झाली. आणि 'बंद'चं बटण वर उजव्या कोपऱ्यात! बाबा खाली डाव्या बाजूला शोधत राहिले.

फेडोरा: रेड हॅटचा पाठिंबा असलेला, नवं तंत्रज्ञान आधी आणणारा. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि एका आवृत्तीला साधारण तेरा महिने अपडेट्स. म्हणजे वर्षातून एकदा तरी अपग्रेड आलंच. बाबांचा शेरा : 'रंगरंगोटी दिवाळीला ठीक आहे गं, पण दरवर्षी भिंतीच बदलायच्या?' माझी विकेट पडली.

बॉस: भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने भारतीय भाषांचा विचार करून तयार केलेला, डेबियनवर बेतलेला डिस्ट्रो. 'आपल्या देशातला?' म्हणत बाबा सरसावून बसले. मराठीची सोय आधीपासूनच आत, हा मोठा प्लस पॉईंट. बराच वेळ हाच पुढे होता. पण मी ऑफिसात असताना बाबांना स्वतः उत्तर सापडायला हवं होतं, आणि त्या बाबतीत उबुंटूच्या गोतावळ्याचा पसारा फार मोठा.

डेबियन: सगळ्यांचे आजोबा! इयन मर्डॉकने १९९३मध्ये सुरू केला. नाव त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचं आणि त्याचं जोडून, डेब्रा आणि इयन. आवृत्त्यांची नावं 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्रांवरून. २०२३ची 'बुकवर्म', ऑगस्ट २०२५ची 'ट्रिक्सी'. उबुंटू आणि बॉस दोन्ही याच घराण्यातले. स्थिर, शांत, भरवशाचा. पूर्वी वाय-फायचे फर्मवेअर वेगळे शोधावे लागायचे, 'बुकवर्म'पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतात. मी असते तर इथेच थांबले असते.

मिंट: २००६पासूनचा, उबुंटूवर बेतलेला. आम्ही त्याची एक्सएफसीई आवृत्ती लावली, कारण ती जुन्या मशीनला हलकी. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. बाबा बसले. मेनू उघडला. घड्याळ बघितलं. लिब्रेऑफिस उघडून स्वतःचं नाव इंग्रजीत टाईप केलं. प्रिंटरचं बटण दाबलं, कागद आला. मग मला काही न विचारता मेनूत जाऊन मशीन बंद केलं, माझ्याकडे वळून म्हणाले, 'हा ठेव.'

मिंटच्या २२व्या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट्स आहेत. शिवाय 'टाईमशिफ्ट' आहे. सिस्टिममध्ये काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत नेता येते. बाबांची 'तुला सुट्टी काढावी लागेल' ही भीती यानेच गेली.

रफार, वेलांटी आणि भिंग

पण पहिली अट अजून बाकी होती! जुनी फाईल उघडली आणि स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. बाबांचा श्वासच अडकला.

तुमच्याही घरी जुन्या मराठी फाईल्स असतील तर हे वाचाच. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर साठवलं जातच नाही. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी चित्र दाखवलं जातं, बस्स. फॉन्ट नसेल तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. उपाय? बाबांनी तेव्हा पैसे देऊन घेतलेल्या फॉन्टची फाईल जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या फॉन्ट फोल्डरमध्ये आणली. चिवड्याची पुन्हा मराठी झाली.

पण कायमचा इलाज म्हणजे युनिकोड. कन्व्हर्टरने मजकूर बदलून घेता येतो, मात्र डोळ्यात तेल घालून तपासावा लागतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं. त्यामुळे या दोघांची हमखास पळापळ होते.

टायपिंगसाठी आयबस लावलं. त्यात इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे, टाईपरायटरच्या वळणाचा कीबोर्डही आहे. बाबांची बोटं टाईपरायटरवर घडलेली, त्यांनी तोच घेतला. पुराचं पहिलं पान छापलं. बाबांनी ड्रॉवरमधून भिंग काढलं.

'हा ल हिंदी आहे. श पण.'

आयुष्यभर छापील कागद बघितलेला माणूस, त्याच्या नजरेतून काय सुटणार? लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी राहिली होती. ती मराठी केली, आणि मराठी वळणं असलेल्या फॉन्टने ल आणि श लगेच बदलून दिले. पान पुन्हा छापलं. बाबांनी ते खिडकीपाशी नेऊन दोनदा वाचलं आणि पेन्सिलीने तीन रफार खुणावून परत दिलं.

तुम्ही निवडताना

दोस्तहो, 'बेस्ट डिस्ट्रो कोणता' हा प्रश्न 'बेस्ट मिसळ कुठली' इतकाच भांडणाचा. त्याऐवजी हे बघा :

- बॅकअप आधी, दोन ठिकाणी. बाकी सगळं नंतर.
- रोज कोण वापरणार? त्यालाच खुर्चीत बसवा, तुम्ही बाजूला उभे राहा.
- लाईव्ह मोडमध्ये वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासा. प्रिंटर अडला तर आधी त्याचा ड्रायव्हर शोधा, मगच डिस्क पुसा.
- टॅली किंवा फोटोशॉपवर पोट असेल, तर ती सॉफ्टवेअर्स लिनक्ससाठी बनवलेली नाहीत. विंडोजचं एक मशीन हाताशी ठेवा. डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरत असाल तर ते आधी चालवून बघा.
- चार जीबी रॅम असेल तर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप घ्या. जमलं तर एसएसडी बसवाच.
- नवं नवं हवं? फेडोरा. वर्षानुवर्षं बदल नको? डेबियन. ओळखीचं घर हवं? मिंट.

माझ्या लॅपटॉपवर आजही फेडोराच आहे आणि तो मी बदलणार नाही. बाबांच्या टेबलावर मिंट. रात्री जेवणं झाली की ते दोन पानं तपासतात, रफार जागेवर बसवतात, फाईल सेव्ह करतात आणि मशीन स्वतः बंद करतात. मला एकदाही सुट्टी काढावी लागलेली नाही.

परवा उशिरा घरी आले, तर कीबोर्डवरचा रुमाल घडी घालून बाजूला ठेवलेला. स्क्रीनवर फाईल उघडीच होती. आधीची सगळी पानं तपासून झालेली नव्हती, तरीही बाबा शेवटाला पोहोचले होते. वर लिहिलं होतं, पान १८५.

'चहा ठेव गं,' बाबा मागे न बघता म्हणाले, 'आत्ता मधे थांबता येणार नाही.'