बोटीची सहल : तिकिटाचा खर्च आणि पिशवीचे नियम

बोईसरच्या आमच्या चाळीत कोणी बोटीवर सहलीला जाणार म्हटले की, पहिला प्रश्न येतो, "एवढे पैसे आणले कुठून?" आणि दुसरा, "तिथे घालायला कपडे कुठले?" गेल्या एप्रिलात आम्ही जाऊन आलो, तेव्हा दोन्ही प्रश्न आम्हालाही विचारले गेले. तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही आणि तोच सर्वांत महत्त्वाचा होता. तो म्हणजे, पिशवीत काय न्यायचे नाही?

आधी आम्ही का गेलो ते सांगतो. आमच्या आईचे माहेर रत्नागिरीकडचे. लहानपणी ती वडिलांबरोबर कोकण बोटीने मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उतरत असे. किनाऱ्यापासून बोटीपर्यंत पडावातून जायचे, मग डेकवर वळकटी पसरायची आणि भाकरी-चटणीचे गाठोडे सोडायचे. कोणी शेजारी वळकटी पसरी, कोणी आपली वळकटी लांब ओढून नेई, हेही तिला आठवते. पुढे रस्ते झाले, एस.टी. आली आणि ती प्रवासी बोट बंद पडली. आता आईची सत्तरी उलटली, गुडघे दुखतात. एक दिवस ती म्हणाली, "पाय चालतात तोवर एकदा बोटीवरून समुद्र बघायचा होता." झाले, विषय सुरू झाला.

आता सहलीची बोट आणि जुनी कोकण बोट यांत फार अंतर आहे. २०१८ साली मुंबई-गोवा 'आंग्रिया' निघाली, ती पुढे बंद झाली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' जहाजाच्या सहली मुंबईहून सुरू झाल्या. हे जहाज मूळचे परदेशी पाण्यावरचे, १९९० साली बांधलेले. अशा जहाजावर खोली, जेवण, करमणूक सारे एकाच ठिकाणी असते. म्हणून लोकांना वाटते की, एकदा तिकीट काढले की खिशात हात घालायचे काम नाही. आम्हालाही तसेच वाटले होते.

तिकीट म्हणजे खर्च नव्हे

आम्ही दोघे, आई आणि दहावीची परीक्षा दिलेली मुलगी असे चौघे. एजंटाने चौघांचा आकडा सांगितला ४८,००० रुपये. आम्ही भिशीचे ४०,००० आणि दिवाळीच्या बोनसमधले राखलेले २०,००० मनात जुळवले आणि निश्चिंत झालो. पैसे भरायच्या दिवशी कागद हातात आला. त्यावर बंदराचे शुल्क, नोकरवर्गाची बक्षिसी (ही माणशी आणि दर रात्रीची असते) आणि जीएसटी मिळून आणखी १५,५०० रुपये होते! एजंट म्हणाला, "ते तर असतेच." असते हे खरे, पण आधी सांगायला हवे होते. त्याने लगेच हप्त्याची सोय पुढे केली. आम्ही नाही म्हटले. दोन रात्रींच्या मौजेचे वर्षभर हप्ते फेडायचे, हा हिशोब आमच्या घरात बसणारा नव्हता.

मग घरी वही काढली. जाहीर न होणारा खर्च असा निघाला : बोईसरहून जाण्या-येण्याची गाडी आणि टॅक्सी १,८००, औषधे, चपला व पोहण्याचा पोशाख १,५००, कारखान्यातले तीन दिवसांचे खाडे २,१००, बोटीवर वरखर्चाला ४,०००. एकूण बेरीज ७२,९००. म्हणजे ४८,००० च्या दीडपटीहून जास्त. कायम नोकरीवाल्याला भरपगारी रजा असते. कंत्राटी कामगाराला खाडा पडतो, आणि तो कुठल्याच जाहिरातीत छापलेला नसतो. कमी पडलेले १२,९०० आम्ही चार महिने ओव्हरटाइम करून उभे केले. तेवढे होईपर्यंत पैसे भरले नाहीत.

दोन गोष्टींनी पैसे वाचले. मे महिन्याची सुट्टी, दिवाळी आणि वर्षअखेर या दिवसांत भाडे चढते. म्हणून आम्ही एप्रिलचा पहिला आठवडा आणि त्यातही सोमवार ते बुधवार धरला. दुसरे, खोली आतली घेतली, खिडकी-गॅलरीची नाही. समुद्र डेकवरून बघायचा, खोलीत फक्त झोपायचे. चौघांनी एका खोलीत राहिले तर तिसऱ्या-चौथ्या माणसाचे भाडे बहुधा कमी पडते, हेही विचारून घ्यावे.

पिशवीत काय नको

आईने आठवडाभर आधी डबे भरायला घेतले. ज्वारीच्या भाकऱ्या, खोबऱ्याची चटणी, रव्याचे लाडू. नियमांचा कागद वाचल्यावर तिचा चेहरा उतरला. बाहेरचे खाणे-पिणे बोटीवर नेता येत नाही. तान्ह्या बाळाचे खाणे आणि औषधे यांना सवलत असते, तीही आधी विचारूनच. मद्य तर नाहीच.

आगीची भीती बोटीवर सर्वांत मोठी. भर समुद्रात अग्निशामक बंब कुठून येणार? म्हणून इस्त्री, पाणी तापवायची किटली व रॉड, वायरचा लांब बोर्ड, काडेपेटी, मेणबत्ती, अगरबत्ती यांना मनाई असते. आमच्या पिशवीत रोजच्या वंदनेसाठी मेणबत्ती आणि अगरबत्ती होती. ती काढून ठेवली. वंदना हात जोडून होते, तिला काडेपेटी लागत नाही. चाकू, कात्री, धारदार वस्तू चालत नाहीत. आईच्या चंचीतला अडकित्ताही घरी राहिला. विमानासारखी इथेही यंत्रातून तपासणी होते. तिथे वस्तू काढून ठेवण्यापेक्षा घरीच ठेवलेली बरी.

कपड्यांचे भय मात्र फोल ठरले. जेवणाच्या दालनात पोहण्याच्या पोशाखात किंवा बनियनवर जाऊ देत नाहीत, एवढेच. आईची लग्नातली सुती-रेशमी साडी आणि आमचे धम्मपरिषदेला जाण्याचे पांढरे कपडे उत्तम चालले. आत वातानुकूलन असल्याने एक स्वेटर किंवा शाल हवी. डेक ओला असतो, म्हणून रबरी तळाची चप्पल. पोहायचे असेल तर नायलॉनचा पोशाख, सुती कपडे तलावात चालत नाहीत. नवी चाकांची बॅग विकत घेऊ नका, शेजाऱ्यांकडून मागा. आम्ही मागितली.

हातातली पिशवी

मोठ्या बॅगेला खोलीचा क्रमांक लावून ती बंदरावरच घेतात. ती खोलीच्या दारात यायला वेळ लागतो. म्हणून औषधे, मूळ ओळखपत्रे, पैसे, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत हवेत. ओळखपत्राची झेरॉक्स चालत नाही, मूळच लागते.

इथे बाबासाहेबांची आठवण होते. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान, त्यात त्यांची ग्रंथसंपदा, दुसऱ्या बोटीने निघाले होते. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणतीराने बुडवली गेली. बाबासाहेब सुखरूप मुंबईला पोचले, ग्रंथ मात्र समुद्रात गेले. नुकसानभरपाईचे ६०० रुपये मिळाले, त्यातूनच बडोद्याला नोकरीवर जाण्याचा खर्च भागला. आजची सहल आणि तो काळ यांची तुलना नाही. पण जे गेल्यावर परत मिळत नाही, ते आपल्या हातात ठेवावे, एवढे तरी आपण शिकावे. मुलीचे हॉलतिकीट आणि आईच्या गोळ्या आमच्या हातातच होत्या.

निघण्याआधी विचारा

१. सांगितलेल्या भाड्यात बंदरशुल्क, बक्षिसी आणि कर धरले आहेत का? लेखी घ्या.
२. तारीख बदलली किंवा कोणी आजारी पडले, तर किती पैसे कापतात?
३. घरात गरोदर स्त्री असेल तर किती आठवड्यांपर्यंत चालते? २४ आठवड्यांपुढे बहुतेक जहाजे घेत नाहीत. सहा महिन्यांखालील बाळालाही सहसा घेत नाहीत.
४. बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधी घ्यावी.
५. समुद्रात फोन लागत नाही आणि बोटीवरचे इंटरनेट वेगळे पैसे घेऊन देतात. घरच्यांना तसे सांगून निघा.
६. बोईसर बंदरापासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. डहाणू लोकल मोजक्याच. एक गाडी चुकली तर बोट थांबत नाही, म्हणून दोन गाड्या आधीची पकडा.

लाडवांचा डबा आम्ही शेजारच्या मुलांना देऊन निघालो. पहिल्या रात्री आई डेकच्या कठड्याला धरून बराच वेळ उभी होती. लांबवर किनाऱ्याचे दिवे दिसत होते. तिने विचारले, "रत्नागिरी कुठल्या अंगाला?" आम्ही दक्षिणेकडे बोट दाखवले. ती म्हणाली, "तेव्हा खाली वळकटीवर होते, काही दिसायचेच नाही."

परत आलो तेव्हा वरखर्चाच्या ४,००० पैकी ६५० रुपये उरले होते. आणि डोक्यावर एका रुपयाचेही कर्ज नव्हते. नवी भिशी आम्ही पुढच्याच महिन्यात लावली. ती मुलीच्या कॉलेजची आहे.